बर्फाला घाम फुटेपर्यंत

वस्तीत त्या नर्सबाईंना सगळे ‘घामवाल्या बाई’ म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. लसीच्या डब्यात ठेवायच्या बर्फाच्या पिशव्या फ्रीजरमधून काढल्या काढल्या डब्यात कोंबायच्या नाहीत. टेबलावर मांडायच्या, त्यांना घाम फुटू द्यायचा, हलवल्यावर आत पाणी डुचमळलं की मगच भरायच्या. नाहीतर कडक बर्फाला टेकून लस गोठते आणि वाया जाते. तेवीस वर्षं त्या ज्याला त्याला हेच ऐकवत होत्या. घरी फ्रीजमधली बाटली काढताना नवराही विचारायचा, घाम फुटेपर्यंत थांबू की पिऊ?

आणि चुकल्या कोण, तर याच बाई.

त्याला निमित्त झाली शिंपीण. तिची मुलगी दहा महिन्यांची झाली तरी लसीला ती ठाम नाही म्हणत होती. बाईंनी तिच्या दारात चपला झिजवल्या होत्या. अखेर एका सकाळी तिचा निरोप आला: नऊला येते, नंतर कपडे द्यायचेत. बाईंचा आनंद गगनात मावेना. तिचं मन फिरायच्या आत वस्तीतल्या अंगणवाडीत पोचायचं म्हणून त्यांनी टणक पिशव्या तशाच डब्यात भरल्या आणि निघाल्या. शिंपिणीची मुलगी पहिली, तिच्यामागून आणखी तेरा मुलं.

दुपारी दवाखान्यात परतल्यावर उरलेली बाटली त्यांनी उजेडात धरली. आत पांढरे कण तरंगत होते. चांगल्या बाटलीबरोबर हलवून ठेवली, तर हिच्यातले कण भराभर तळाशी बसले. लस गोठली होती. बाई ती बाटली घेऊन तशाच डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टर वयाने लहान, पण माणूस समंजस. मुलांना अपाय नाही, लस फक्त निकामी झाली, असं त्यांनी आधी समजावलं. वर कळवायचं ते मी कळवतो, म्हणाले. आयांना मात्र जादा डोस आहे एवढंच सांगून बोलवू. खरं सांगितलं तर शिंपीण पुन्हा दारात तरी उभी करेल का? त्यांचं अगदीच चूक नव्हतं, आणि बाईंना तेच जड जात होतं.

“डॉक्टर, पोर तिचं आहे,” त्या म्हणाल्या. “त्याच्या अंगात काय गेलं ते तिला कळायला नको?”

दोन दिवस त्या घरोघर हिंडल्या. कुणी चहा दिला, कुणी चांगलंच फैलावर घेतलं. एका आजोबांनी तर तेवीस वर्षांचा हिशेब मागितला. बाईंनी मान खाली घालून सगळं ऐकलं. शिंपिणीकडे त्या सगळ्यात शेवटी गेल्या, कारण धीर होत नव्हता. तिने मशीन थांबवून ऐकून घेतलं.

“म्हणजे मी घाबरत होते ते उगाच नव्हतं,” ती म्हणाली, आणि मशीन पुन्हा चालू केलं. बाई गल्लीच्या वळणापर्यंत कशाबशा आल्या आणि तिथे रडल्या.

पुढच्या फेरीला बाईंनी पिशव्या तासभर आधीच टेबलावर मांडल्या. तेरा मुलं आली. त्या डबा आवरायला लागल्या, तेवढ्यात शिंपीण मुलीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“पिशवी दाखवा.”

बाईंनी डब्यातून पिशवी काढून दिली. शिंपिणीने ती तळव्यावर तोलली, कानाशी नेऊन हलवली, पाण्याचा आवाज ऐकला. ओला हात मुलीच्या गालाला लागला तशी मुलगी खुदकन हसली.

“तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं,” ती म्हणाली. “म्हणून आले.”

आणि मुलीची मांडी मोकळी करून ती खुर्चीत बसली.