थांबलो मी, रस्ता नाही

आईचं ऑपरेशन होतं, म्हणून उमरेडहून टॅक्सीने रामदासपेठेतल्या दवाखान्यात निघालो होतो. वाटेत चाकात हवा भरायला ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली आणि उतरण्याआधी मोबाइलचा मॅप, लोकेशन, सगळं बंद केलं. मी चिडलोच.

"काहून बंद केलं गा?"

"सगळ्या गाड्यायच्या चालीवरूनच हा मॅप टाइम सांगते," तो चाकाशी वाकून म्हणाला. "चालू ठेवला, तं त्याले वाटते रस्ताच जाम आहे. थांबलो मी, रस्ता नाही. मागून कोणी तुमच्यासारखंच दवाखान्यात जाऊन राहिलं असंन, त्याले काहून घाबरवायचं?"

निघताना त्याने मॅप लावला. दवाखान्यापर्यंत रस्ता मोकळा दिसला, आणि तसाच निघाला. पुढेही कोणीतरी फोन बंद करूनच थांबलं असणार.