पंख्याच्या वायरवर बोर धरण

तीस वर्षं मी आयटीआयत पोरांना वायरिंग शिकवलं. त्यामुळे मुक्कामासाठी जीपमागे जोडलेल्या ट्रेलरमधली बॅटरी चालत्या जीपवर चार्ज व्हावी म्हणून वायर टाकायला दुसऱ्या कुणाला बोलावणं मला कमीपणाचं वाटलं. घरी पंख्याची वायर उरली होती, तीच जीपपासून ट्रेलरपर्यंत ओढली. त्या बॅटरीवर छोटा फ्रिज आणि फ्रिजमध्ये आईचं इन्सुलिन. एप्रिलात वर्ध्याच्या उन्हात ते उघड्यावर टिकत नाही. आईला बोर धरण पुन्हा एकदा बघायचं होतं आणि माझ्या फ्रिजच्या भरवशावरच ती तयार झाली, असा माझा समज होता.

बोरगाव मेघेहून सकाळी सहाला निघालो. सेलूपर्यंत रस्ता झकास, हिंगणीनंतर अरुंद. मागे ट्रेलर असेल तर तिथे घाई करू नका. धरणाजवळ एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या अंगणात मुक्काम केला. आई पाण्याकडे बघत बसली, मी फ्रिजच्या हिरव्या दिव्याकडे. जेवायला पाटोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर, माणशी दीडशे. रस्सा जपून खा. मी जपून खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना हिंगणीत चहाला थांबलो, तर फ्रिज बंद. समोर ट्रॅक्टर-ट्रॉलीचे दिवे दुरुस्त करणारा एक गॅरेजवाला होता. त्याने जीप चालू ठेवून मोजलं. जीपच्या बॅटरीवर चौदा व्होल्ट, ट्रेलरच्या बॅटरीवर जेमतेम बारा.

"साहेब, हे त पंख्याची वायर हाय. बारा व्होल्टले इतक्या लांब जाड वायर लागते. करंट रस्त्यातच मरून राह्यला. कोनं टाकली?"

"होता एक मिस्त्री," मी म्हणालो.

"त्याले पुन्हा बोलावू नका."

हेच मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. धावत जाऊन फ्रिज उघडला. आत फक्त ताकाची बाटली.

जीपच्या मागच्या सीटवर बसलेल्या आईने पायाजवळचं ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं बोळकं वर उचललं. आत इन्सुलिनची डबी. सुई ती स्वतःच घेते, म्हणून मला पत्ताच नव्हता.

"निघतानाच काढून ठेवलं मी."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"इतक्या हौसेनं वायर टाकली तू. तुले कायले वाईट वाटू द्याचं?"

लाज वाटली आणि जीव भांड्यातही पडला. गॅरेजवाल्याने तासाभरात जाड वायर टाकली, बॅटरीजवळ फ्यूज बसवला. मी पाना धरून उभा होतो.

घरी येऊन आठवडा झाला. आज पवनारला निघायचंय. आईने फ्रिजमध्ये हात घालून थंडावा बघितला आणि इन्सुलिनची एक कुपी आत ठेवली.

दुसरी बोळक्यात.