लेंडीकाठचे मेव्हणे

नाकाला नाक लावून स्वागत करायला आलेल्या माणसापुढं मी कान केला. मला वाटलं, काहीतरी खासगी सांगायचं असेल. एवढा घोळ करूनही त्या दिवशी फजितीत पहिला नंबर माझा आला नाही, कारण सोबत आमचे उदगीरचे मेव्हणे होते, आणि ते सोबत असले की पहिला नंबर दुसऱ्या कुणाला मिळणं या पृथ्वीवर शक्य नाही.

मेव्हणे म्हणजे हिचे थोरले भाऊ, निवृत्त तलाठी. घर न हलवता या घराण्यानं तीन जिल्हे पाहिले. वडील बिदर जिल्ह्यात जन्मले, हे उस्मानाबादेत, मुलगी लातुरात, आणि तिघांची बाळंतिणीची खोली एकच. चौथा जिल्हा उदगीर. तो सरकारला अजून सुचलेला नाही, पण मेव्हण्यांनी कधीच करून टाकलाय. पाकिटावर ते 'जिल्हा उदगीर (नियोजित)' असं लिहितात आणि पाकीट परत आलं की पोस्टाला नावं ठेवतात. त्या साली लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि उदगीर टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसलं होतं. मेव्हणे वाटीभर पाण्यात दाढी करायचे आणि उरलेलं कढीपत्त्याला घालायचे. तुमच्या आमटीला फेस येतो असं मी एकदा म्हणालो, तर आठ दिवस बोलले नाहीत. पण न्यूझीलंडातल्या मुलीला फोनवर सांगायचे, "पाणी? लई हाय. नको नको म्हणायलोत आम्ही." कारण बायको वारल्यापासून मुलीनं धोशा लावला होता, बाबा, घराला कुलूप लावा अन् कायमचे इकडं या. तिच्याकडं महिनाभर जाताना त्यांनी आम्हां दोघांनाही सोबत नेलं, ते उदगीरच्या पाण्याबद्दल तोंड उघडायचं नाही, या एका अटीवर.

तिथं भाचीनं माओरी लोकांच्या पारंपरिक नावेतून एक फेरी ठरवली. तळं बघून मेव्हणे जागीच थबकले. "एवढं पाणी उघड्यावर? राखायला कोण हाय?" माझ्या कानावरून नुकताच सावरलेला, चेहराभर गोंदण असलेला तो वाटाड्या नावेकडं हात करून म्हणाला, "वाका!" मेव्हणे ताठ झाले. तो पुन्हा म्हणाला, "वाका, वाका!"

"दाजी," मेव्हणे माझ्याकडं झुकून म्हणाले, "जिल्ह्यासाठी मी कलेक्टरपुढं वाकलो न्हाई. ह्याच्यापुढं कशाला वाकू?"

त्यांच्या भाषेत नावेलाच 'वाका' म्हणतात, हे भाचीनं हसू दाबत समजावलं. तोवर मी कमरेत वाकून उभा होतो.

नावेत पाय ठेवण्याआधी प्रत्येकानं आपली ओळख द्यायची होती. त्यांच्यात माणूस आधी आपला डोंगर सांगतो, मग नदी, आणि शेवटी स्वतःचं नाव. मेव्हण्यांना ही पद्धत फार पटली. "बघा, जिल्हा विचारतच न्हाईत!" त्यांची पाळी आली. मुलगी शेजारीच उभी होती. छाती पुढं काढून ते म्हणाले, "नदी गोदावरी. दोन्ही थड्या भरून वाहायली."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पडलो नांदेडचा. पुढची पाळी माझी, आणि माझी नदी ह्यांनी आधीच उचललेली.

"आण्णा, गोदावरी आमची! तुमच्या उदगिरात कवापासून शिरली ती? तुमची लेंडी. अन् तिच्यात तर दोन वर्षं झाली, पोरं क्रिकेट खेळायलेत!"

भाचीचं हसू मावळलं. "बाबा, टँकर किती दिवसाला येतो?"

"आठ," तळ्याकडं बघत मेव्हणे म्हणाले. "कधी धा." मग वाटाड्याकडं वळले आणि सातबारा वाचून दाखवावा तशा आवाजात म्हणाले, "नदी लेंडी. पाणी न्हाई. पण नदी हाय."

भाचीनं कसंबसं भाषांतर केलं. शेळ्या पाळणाऱ्या आमच्या मुलखात हे नाव कुणी हसल्याशिवाय घेत नाही. त्या वाटाड्यानं मात्र मान लववली आणि सगळ्यांकडून ते म्हणवून घेतलं. "लेंडी!" वीसेक परके गळे इतक्या गंभीरपणे म्हणाले की मला हसायचं सुचलंच नाही. पुढं तासभर मेव्हणे जपून वल्हं मारत होते. वल्ह्यावरचा थेंब नावेत सांडू नये, तळ्याचा तळ्यातच पडावा, अशा बेतानं.

त्याच संध्याकाळी भाचीनं त्यांचं परतीचं तिकीट रद्द केलं. "पाऊस पडेपर्यंत तुम्ही इथंच." हा माणूस एरवी कलेक्टरशी तासभर वाद घालतो. आम्ही दोघं निघालो तेव्हा मात्र त्यांनी फक्त घराची किल्ली हिच्या हातावर ठेवली.

विमानात आमच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. पाय ऐसपैस पसरता येतात, असं मी म्हणून पाहिलं. ही बराच वेळ त्या खुर्चीचा पट्टा उगीच लावत-काढत बसली होती.

"एक दिवस दिली असती आण्णाला गोदावरी," ती म्हणाली, "तर काय आटली असती का तुमची?"