दहा चित्रं

"अक्का गेली." सुनंदाच्या धाकट्या भावाचा, रावसाहेबाचा, देवगाव रंगारीहून सकाळी फोन आला, तेव्हा तिनंच पाठवलेली दहा चित्रं माझ्यासमोर पसरलेली होती. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. महिना झाला, त्या "बरं"च्या पुढं मी सरकलेली नाही. रडूही येत नाही... शाळेत जाते, डबा खाते, परत येते.

सुनंदा माझी वसतिगृहापासूनची मैत्रीण. मी शाळेत चित्रकला शिकवते, ती ग्रहांच्या शेपटांवर संशोधन करायची. सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यानं ग्रहाचं चुंबकीय क्षेत्र मागं लांबवर ओढलं जातं, ते शेपूट. त्यात मधूनच खळबळ होते. दूरच्या यानावरच्या कॅमेऱ्याला ती दिसेल का, हे ती आधी संगणकावर करून बघायची. खोटं शेपूट, खोटी खळबळ आणि मग कॅमेरा काढेल तसं दाणेदार चित्र. काहींत मुद्दाम काहीच घालायची नाही. चित्रं माझ्याकडं यायची, कशाकशात खळबळ दिसते ते मी लिहायचं; खरी उत्तरं चिकटवलेल्या पाकिटात तिच्याकडं राहायची. "तुला यातलं ओ की ठो कळत नाय, म्हणून तर तुझे डोळे पाहिजेत," म्हणायची. रिकाम्या चित्रात मला काही दिसलं, की पोट धरून हसायची.

शेवटची दहा आली, तेव्हा ती आजारी असल्याचं कानावर आलं होतं. भेटायला येते म्हटलं, तर फोनवर म्हणाली, "आधी चित्रं बघून घे, मग ये. घाई नाय." मीही शहाणी, तीन आठवडे ती घेऊन बसले. खरं सांगते, आजारी सुनंदाकडं जाण्यापेक्षा ते सोपं होतं. त्याचा मला फार राग येतो.

परवा उस्मानपुऱ्यातली तिची भाड्याची खोली रिकामी करायला रावसाहेब आला. मीही गेले. गादी गुंडाळता गुंडाळता त्यानं खालचं पाकीट माझ्या हातात दिलं. "तुमचंच नाव हाय यावर."

माझी उत्तरं लिहून झाली होती. पाकीट फोडलं. एक ते दहा आकडे, प्रत्येकापुढं एकच शब्द : रिकामं. खाली तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, "या वेळी संगणकापुढं तेवढा वेळ बसवलंच नाही गं, म्हणून कशातच काही घातलं नाही. पण चित्रं पाठवली नसती तर तू लगेच आली असतीस, आणि मला असं बघितलं असतंस. सांग, कितींत दिसलं?"

"चार," मी मोठ्यानं म्हणाले.

रावसाहेबानं गादी खाली ठेवली. "काय चार, ताई?"