लोणारात लोणार विकलं

लाकडात पैसा घालून भुसा कमवायचा छंद मला चार वर्षांपूर्वी लागला. नांदुऱ्याच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात मागच्या पडवीत स्क्रोल सॉ चालवते. ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे माझ्या सगळ्या नातेवाइकांसाठी, सांगते. दिसायला ते शिवणयंत्राच्या भावकीतलं. फक्त सुईच्या जागी दोऱ्याइतकं बारीक पातं खालीवर होतं आणि कापडाऐवजी लाकूड फिरवायचं. त्यातून अक्षरं, प्राणी, जाळ्या, काहीही कापता येतं. बोटसुद्धा.

लोणारला जानेवारीत दोन दिवसांचा हस्तकला मेळावा आहे असं कळलं, तेव्हा घरच्यांनी मला भरघोस पाठिंबा दिला. पडवी जरा रिकामी होईल, असं नवरा म्हणाला. सोबत यायला मात्र एकच माणूस तयार झालं, माझी मोठी नणंद कुसुमताई. ताई वांगी आणि मेथी पिकवतात आणि गेली तीस वर्षं नांदुऱ्याच्या बाजारात स्वतः बसून विकतात. टोपली भरलेली घेऊन त्या कधी घरी आल्याचं कुणाला आठवत नाही. मला विकता येत नाही याबद्दल घरात एकमत होतं, त्यामुळे त्यांना माझ्यासोबत धाडण्यात आलं.

मला विकण्यापेक्षा मेळाव्यातल्या स्पर्धेत रस होता. रविवारी सकाळी अकराला परीक्षक येणार होते आणि निवडलेल्या तिघांना नागपूरच्या मोठ्या प्रदर्शनात फुकट जागा मिळणार होती. त्यासाठी मी चार महिन्यांचे रविवार खर्चून लोणारचं सरोवर केलं होतं. वेगवेगळ्या लाकडांच्या दहा गोल कडा, खालची प्रत्येक कड वरच्यापेक्षा थोडी लहान, एकावर एक बसवलेल्या. वरून पाहिलं की उल्केनं पाडलेला तो खड्डा, त्याचे उतार, मध्ये पाण्याचा हिरवट तुकडा. निदान मला तरी तसं दिसत होतं.

शनिवारी पहाटे निघालो. नांदुऱ्याहून खामगाव, तिथून जानेफळवरून मेहकर आणि पुढे लोणार, असा एसटीचा प्रवास. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मला आणि ताईंना मिळून एका माणसाचं भाडं पडलं. दोन खोक्यांना वेगळं तिकीट लागेल असं कंडक्टर म्हणाला तेव्हा ताईंनी त्याला त्याचं गाव विचारलं, मग आडनाव, मग मामाचं गाव. तिकीट राहून गेलं. खामगावच्या पुढे रस्ता बरा आहे. जिथे बरा नाही तिथे गतिरोधक समजून सहन करावा. दोन्हीकडे हरभरा घाट्यांनी भरलेला, तूर कापून रचलेली. मेहकरच्या स्थानकाबाहेर मिरचीची भजी खाल्ली. तिथे जाल तर नक्की खा, पण सोबत पाणी न्या.

मेळावा एका मंगल कार्यालयात होता. आम्हाला जागा मिळाली ती लोणच्यांच्या आणि पापडांच्या मध्ये. कलेची कदर कशी असते ते मला पहिल्या तासातच कळलं. एकानं विचारलं, मशीनवर केलंय का? हो म्हटलं तर म्हणाला, मग तुमचं त्यात काय? दुसऱ्याला सांगितलं की लाकूड हातानं फिरवावं लागतं, तर म्हणाला, मग म्हणूनच इतकं महाग. एका काकांना मुलाच्या नावाची पाटी हवी होती, पुढे डॉक्टर लावून. मुलगा बारावीला होता. एका बाईंनी सगळ्या वस्तूंचे निवांत फोटो काढले आणि आमच्या गावचा सुतार अर्ध्यात करून देतो अशी गोड बातमी देऊन गेल्या. सरोवराला दुपारपर्यंत तीन नावं मिळाली. राखदाणी, पाळण्याखालचा दिवा आणि कुत्र्याचं भांडं.

कुसुमताईंनी हे अर्धा तास पाहिलं आणि मग त्या उठल्या. मी मखमलीवर अंतर राखून मांडलेल्या वस्तू त्यांनी गोळा करून वाटे घातले. मोर एकीकडे, गणपती एकीकडे, किल्ल्यांच्या साखळ्यांचा ढीग एकीकडे. पाटी घेणाऱ्याला वर एक साखळी, कोथिंबिरीची काडी टाकावी तशी. दोनदा त्यांच्या तोंडून ‘घ्या बाई, ताजं हाय’ निघालं. मला लाज वाटली. अर्धे मोर संपले तेव्हा थोडी कमी वाटली.

दुपारी मी स्पर्धेचा अर्ज भरायला गेले. रांग होती, अर्जाच्या तीन प्रती होत्या आणि शिक्का मारणारे गृहस्थ जेवायला गेले होते. तासाभराने मी शिक्का घेऊन परत आले, तर सरोवराच्या जागी नुसती मखमल होती.

‘‘ते खड्ड्याचं भांडं इकलं म्या,’’ ताई म्हणाल्या. ‘‘सकाळपासून कोणी पाहूनच नव्हतं राह्यलं त्याच्याकडं. मले वाटलं, तुले बरं वाटंल.’’

घरी, बसमध्ये, स्टॉलवर, मी त्यांना स्पर्धेबद्दल सांगितलं होतं. पण तिच्यात कुठली वस्तू ठेवायची आहे, हे सांगायचं माझ्याकडूनच राहिलं होतं. हे कळायला मला बराच वेळ लागला. तोवर मी जे बोलायचं नव्हतं ते सगळं बोलून बसले. वांगी आणि कला यातला फरक समजावून सांगितला. ताईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि उरलेल्या वेळात एकही वस्तू विकली नाही. गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बोट दाखवायच्या.

घेणारे जानेफळचे गजाननराव. तेही वांगीवाले. ताईंनी त्यांच्याशी वांग्यावरच्या अळीबद्दल अर्धा तास चर्चा केली होती, घर मारुतीच्या देवळामागे आहे हे त्यांना कळलं होतं, फोन नंबर मात्र घेतला नव्हता. भाजीच्या गिऱ्हाइकाचा नंबर कोण घेतं?

लॉजवर गरम पाणी सहा ते सात मिळतं अशी पाटी आहे. आम्ही त्याआधीच थंड पाण्यानं अंघोळ करून सरोवर परत मागायला जानेफळची पहिली बस धरली. ताई वाटेत एवढंच म्हणाल्या की मी बोलते, तू बोलू नोको. साडेआठला जानेफळला उतरलो. अकराच्या आत परतायचं तर हातात जेमतेम अर्धा तास होता.

घर सापडायला अडचण आली नाही, कारण दारात मांडव होता. गजाननरावांच्या मुलीचं, पल्लवीचं, त्या सकाळी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. आम्हाला पाहून ते इतके खूश झाले की बायकोला बोलावून, बाजारातल्या बाई कार्याला आल्या म्हणून सांगितलं. चहा आला. आणि पाटाशेजारी माझं सरोवर होतं, काठोकाठ हळदीच्या अक्षतांनी भरलेलं.

ताईंनी गजाननरावांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग ते आत गेले, अक्षता एका ताटात ओतल्या आणि कड धोतरानं पुसत वस्तू माझ्यासमोर आणून ठेवली. ‘‘तुमची चीज हाय, घेऊन जा. आमच्या अक्षता ताटातबी राह्यतात,’’ म्हणाले. पैसे परत घ्यायलाही तयार नव्हते.

इथे मी मोठ्या मनानं नकार दिला असं लिहिलं तर छान दिसेल. मी उचलली. पिशवीचं तोंड उघडलं. तेवढ्यात पल्लवी बाहेर आली, अर्धी तयारी झालेली, एका हातात बांगड्या आणि दुसरा रिकामा. तिला तिच्या वडिलांनी काही सांगितलेलं दिसत नव्हतं.

‘‘काकू, ही पाचवी कड काळपट हाय. ती कशाची?’’

दोन दिवसांत कुणी हे विचारलं नव्हतं. बाभळीची, मी म्हटलं. एका मोडलेल्या वखराचं लाकूड होतं, म्हणून इतकं कठीण, दोन पाती तुटली कापताना. दारात बसलेल्या तिच्या आजीनं हात पुढे केला. मी वस्तू त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी त्या कडेवरून बोट गोल फिरवलं, मग खालच्या कडांवरून, तळापर्यंत. ‘‘लोणार हाय हे,’’ म्हणाल्या. कुणाला विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

मी ताटातल्या अक्षता परत त्यात ओतल्या. मला फार वाईट वाटत होतं आणि हात थांबत नव्हते, दोन्ही एकदम. ताई माझ्याकडे पाहत होत्या. पैसे दिलेत तुम्ही, ते तुमचंच आहे, असं मी गजाननरावांना सांगितलं. त्यानंतर निघणं शक्यच नव्हतं. साक्षगंध झालं, मुलाकडच्यांनी त्या खड्ड्यातून अक्षता घेतल्या, पंगत बसली. पोळी, बुंदी आणि गजाननरावांच्या शेतातल्या वांग्यांची भाजी. त्या भाजीपुरतं तरी ताईंचं आणि माझं बोलणं पुन्हा सुरू झालं.

लोणारला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पहिलं बक्षीस आइस्क्रीमच्या काड्यांच्या देवळाला गेलं होतं. देवळाला रंगीत दिवे होते आणि ते गाणंही म्हणायचं. परीक्षकांची चूक नाही, माझं सरोवर गप्प बसतं.

राहिलेला माल ताईंनी तासाभरात संपवला. मग बस यायला वेळ होता म्हणून आम्ही सरोवर पाहायला गेलो. ताई आयुष्यात पहिल्यांदाच. त्या अगदी कडेपर्यंत गेल्या. खाली दाट झाडी, झाडीत बुडालेली देवळं, मधोमध ते खारं हिरवं पाणी. वाऱ्याबरोबर त्याचा वास वर येतो. तो सहन होत असेल तर संध्याकाळी जा, उतरायचं असेल तर सकाळी.

ताईंनी वाकून तळापर्यंत पाहिलं. ‘‘तुह्यं उथळ झालं वं, सुनंदा. हे तं विहिरीवानी खोल हाय. तुह्यं थाळीवानी झालं.’’

मी पुन्हा खाली पाहिलं. चार महिने मी फोटो बघून कडा मोजल्या होत्या. उतारावरून नजर सोडली तेव्हा कळलं की त्या बरोबर होत्या आणि खड्डा चुकला होता. काल मी वांग्यांबद्दल बोलले ते मागे घेते, असं ताईंना म्हटलं. त्यांनी पदर सारखा केला आणि बस चुकेल म्हणाल्या.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत ताईंनी, समदा माल खपला, असं सांगून टाकलं. ते खरंच होतं. नागपूर राहिलं. जानेफळला एका घरात माझं उथळ लोणार आहे आणि त्याच्या भेगांत हळद बसली असेल, ती आता निघायची नाही. मला त्याचं जेवढं वाईट वाटायला हवं तेवढं वाटत नाही, हेच जरा विचित्र आहे.

नवीन सरोवर सुरू केलंय, चौदा कडांचं. यावेळी शहाणपण म्हणून आधी सागाची एक सुबक पाटी कापली, ‘विक्रीसाठी नाही’. परवा कुसुमताई मेथी द्यायला आल्या होत्या. पाटी हातात घेऊन त्यांनी नीट वाचली, उलटून पाहिली, छान झाली म्हणाल्या, आणि केवढ्याला द्यायची ते विचारलं.