बाबांची खंजिरी आणि माझा प्लॅस्टिकचा ढोल

मला ताल नाही, हे आमच्या घरात मी आठ वर्षांची असतानाच ठरून गेलं होतं. बाबा मराठी भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे. फॅक्टरीतून आले की हातपाय धुऊन खंजिरी काढायची, चामडं जरा शेकायचं, बोटांनी ठोकून बघायचं, हा त्यांचा नेम. एकदा त्यांनी मलाही शिकवायला घेतलं. चौथ्या दिवशी खंजिरी माझ्या हातातून काढून घेत ते आईला म्हणाले, "पोरगी हुशार आहे, पण ताल नाही हो हिच्यात. चलो, अभ्यास तरी करन." आई हसली, मीही हसले. राग मात्र पोटात राहिला, आणि मी राग जपून ठेवणाऱ्यांपैकी आहे.

तो राग मी गेमवर काढला. कॉलेजात असताना आमच्या शहरातल्या गोरखपूर भागातल्या बाजारात एका दुकानाच्या वर नाचाच्या गेमचं मशीन आलं होतं. पडद्यावर बाण सरकत येतात आणि गाण्याच्या ठेक्यावर पायाखालचा तोच बाण दाबायचा असतो. तासाला दांडी मारून मी तिथे घाम गाळला आहे. पुढे मोबाइलच्या काचेवर बोटं आपटली. नोकरी लागल्यावर टीव्हीवर खेळायचा कन्सोल घेतला आणि त्याला जोडायचा प्लॅस्टिकचा ढोल. लाल ठिपका आला की काठी मध्ये मारायची, निळा आला की कडेला. इतकी वर्षं झाली, पण हे वेड सुटलं नाही. एखादं अवघड गाणं एकही ठोका न चुकता पार पडलं की जीव कसा थंड होतो. आणि दर वेळी मनात तेच यायचं: बघा, म्हणे ताल नाही!

बाबा रिटायर झाले. त्यांचे कान जरा मंदावले, म्हणून भजनं नीट ऐकू यावीत यासाठी मी एक बिनतारी स्पीकर आणला आणि टीव्हीही त्यालाच जोडून टाकला. त्याच रविवारी दुपारी मी ढोल बडवत बसले होते, तर बाबा मागे येऊन उभे राहिले.

"मी पाहू का एकदा वाजवून?"

"काहून नाही? या ना बाबा."

ते मांडी घालून बसले. काठ्या बाजूला सारल्या, ढोलावर बोटं टेकवली आणि चक्क डोळे मिटले.

"अहो, ठिपके पाहा ना."

"गाणं ऐकू येऊन राहिलं ना बेटा. ठिपके कायले पाहू?"

आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. पडद्यावर पहिल्याच ठोक्याला 'लेट' आलं. दुसऱ्याला लेट, तिसऱ्याला लेट. गाणं संपायच्या आतच गेमने त्यांना नापास केलं. डोळे उघडून त्यांनी विचारलं, "काय लिहून येते ते?"

"लेट. तुमचा हात मागून पडून राहिला, बाबा." मी हसत हसत म्हटलं. "वय झालं आता. ताल सुटला तुमचा."

ते हसले नाहीत. त्यांनी पुन्हा वाजवून पाहिलं, पुन्हा लेट. "अच्छा," म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

खरी भानगड मला चार दिवसांत कळली. सहज म्हणून मीही डोळे मिटून वाजवलं, तर माझाही प्रत्येक ठोका लेट. बिनतारी स्पीकरचा आवाज पापणी लवावी इतका उशिरा येत होता. मी खेळायचे डोळ्यांनी, त्यामुळे मला फरक पडत नव्हता. बाबा कानांनी वाजवत होते. त्यांचा हात अगदी जागेवर पडत होता, गाणंच उशिरा येत होतं. नवा स्पीकर लावला की सेटिंगमध्ये जाऊन आवाज जुळवून घ्यायचा असतो, हे माझ्यासारखीला कोणी सांगायची गरज नव्हती. मी गुपचूप तो जुळवला.

बाबांना मात्र सांगितलं नाही. उद्या सांगू, म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घरातलं बेताल माणूस मी नव्हते. म्हटलं, राहू दे चार दिवस.

चार दिवसांचा महिना झाला. बाबा रोज सकाळी खंजिरी घेऊन बसायचे, आणि डबा भरता भरता मला ऐकू यायचं की त्यांचा हात पुढे पळतो आहे. आपल्याला उशीर होतो असं धरून ते घाई करायला शिकत होते. मला हे कळत होतं आणि मी डबा भरत होते. याची लाज मला आजही वाटते.

मग शहराबाहेर पनागर गावी मंडळाचं भजन होतं. बाबांना स्कूटरवर मीच घेऊन गेले. तिसऱ्या भजनाला गाणारे काका वळून वळून पाहू लागले, टाळ वाजवणारे थबकले आणि बाबा एकटेच पुढे निघून गेले. काका हळूच म्हणाले, "भाऊ, जरा दमानं." पुढचं भजन सुरू व्हायच्या आत बाबांनी खंजिरी शेजारच्याच्या हातात दिली. परतताना मागच्या सीटवरून ते एवढंच बोलले, "पहिले मागं पडत होता, आता पुढं पळून राहिला. हातच गेला आपला." मी गाडी चालवत राहिले.

दिवाळीच्या सफाईत ते खंजिरी माळ्यावर टाकायला निघाले, तेव्हा कुठे मला कंठ फुटला. माळा झाडायला चढले होते त्या स्टुलावरूनच, त्यांच्याकडे पाठ करून मी सगळं सांगितलं. स्पीकरचं सांगितलं, चार दिवसांत कळलं होतं ते सांगितलं, आणि मला बरं वाटलं होतं तेही.

बाबांनी खंजिरी खाली ठेवली. मग म्हणाले, "मशीनचं मी कुठं मनावर घेतलं होतं? त्याच्यात काही गडबड आहे, हे मले तेव्हाच वाटलं होतं. पण तू म्हणली ना, ताल सुटला म्हणून. तुले ताल समजते बेटा. म्हणून मानलं."

आठ वर्षांची असल्यापासून मला हेच ऐकायचं होतं. मला स्टुलावरून खाली उतरवेना.

खंजिरी माळ्यावर गेली नाही. बाबांनी दोन-चार वेळा ती हातात घेऊन पाहिली, पण लागलेली घाई आता जात नाही. देवळात संध्याकाळच्या आरतीला त्यांची टाळी सगळ्यांच्या आधी पडते आणि लोक वळून पाहतात. मी त्यांच्या शेजारी उभी राहते आणि माझी टाळीही तेवढीच आधी वाजवते.