डावीकडे कललेली मान

आत्याच्या हृदयाची झडप बदलल्यापासून मोठे डॉक्टर रोज राउंडला येतात. तिच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की ते डोळे मिटतात आणि मान किंचित डावीकडे कलती करतात, जणू आत कुणी गातंय आणि सम जवळ आलीय. मग त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी, आता स्वतः प्राध्यापक झालेल्या मॅडम ऐकतात. त्यांचीही मान डावीकडे. पाठोपाठ शिकाऊ डॉक्टर, त्यांच्याही माना डावीकडे.

आज आत्याने विचारलंच, "डॉक्टर, मान वाकडी केली की जास्त ऐकू येतं का हो?"

डॉक्टर आधी गोंधळले, मग खो खो हसले. "अहो मावशी, संशोधनापायी मायक्रोस्कोपवर वाकून वाकून ती आखडलीय!"

सगळ्या माना झटकन सरळ झाल्या. मॅडम पुटपुटल्या, "सर, मी तर मुलांना तसंच शिकवलंय."

मला मात्र फार आनंद झाला. झडपेचे आवाज पुस्तकातही सापडतील. पण दुसऱ्याच्या काळजापाशी कान लावून किती शांत उभं राहायचं, ते असंच एकाचं बघून दुसऱ्याच्या अंगात उतरत असेल. प्रयोगशाळेतलं दुखणं, पण इथे येऊन त्याची आदब झाली.

"छान चाललंय," असं आत्याला सांगून डॉक्टर शेजारच्या खाटेकडे वळले. त्यांनी डोळे मिटले. क्षणभर बाकी सगळे ताठ उभे राहिले. मग एकेक मान नकळत डावीकडे कलली.

इकडे आत्याचीही. आणि माझीही.